शनिवारचं चरट

संपादकांचा फोन आला तेव्हा मी कारली चिरत होते. "ताई, यंदाच्या अंकाचा विषय आहे सुगंध. तुमची सगळी नोकरी मसाल्यांच्या अर्कात गेली. काहीतरी प्रसन्न लिहा की." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि गेल्या वर्षीचा अंक काढून चाळला. मागच्या पानावर एका अर्काच्या कंपनीची रंगीत जाहिरात होती. मधोमध संस्थापकांचा फोटो, फोटोला हार, खाली अक्षरं : 'उदार मनाचा उद्योजक'. त्या उदार मनाच्या हाताखाली मी काही वर्षं काढली आहेत. तेव्हा संपादक महाराज, लेख तुम्ही मागितलात, आता व्हा प्रसन्न.

कारखान्याचं नाव मी लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, किळस येते म्हणून. मालकांना मी मालकच म्हणेन. कामगार त्यांना धणी म्हणायचे.

आमचं घर कॉटनपेटेतलं. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आमचे पूर्वज बेंगळुरात आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, दारात कानडी, आणि भांडताना दोन्ही. पंचावन्न-छपन्नच्या सुमाराला मी रसायन घेऊन बी.एस्सी. झाले, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळेतली नोकरी बघून ठेवली होती. मी हेब्बाळच्या तळ्याअलीकडच्या ह्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. अप्पा म्हणाले, "कारखान्यात? तिथं काय शिकवणार तू?" मी म्हटलं, "शिकवणार नाही, वास घेणार." त्यांनी कपाळावर हात मारला. पण खरंच ते माझं काम होतं. तेलाचा थेंब कागदाच्या पट्टीवर टाकायचा, लगेच हुंगायचा, दुपारी पुन्हा हुंगायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. भेसळीचं तेल पहिल्यांदा छान हसतं आणि सकाळी तोंड पाडून बसतं. संध्याकाळी मी बसमध्ये चढले की कंडक्टर ओरडायचा, "शुंठी अक्का बंद्रु, जागा बिडी!" म्हणजे सुंठवाली ताई आली, जागा द्या. माझ्या साडीला, केसांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा सुंठेचा वास असायचा.

आता धंदा समजावून सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

मसाल्यात दोन गोष्टी असतात, वास आणि तिखटपणा. वास हलका, तो वाफेबरोबर उडतो. तिखटपणा जड, तो बूड हलवत नाही. घरी सुंठेचा काढा उकळताना वास शेजाऱ्यांपर्यंत पोचतो आणि झणका पातेल्यातच राहतो, ते ह्याचमुळे. आमचा कारखाना सुरुवातीला फक्त वास काढायचा. सुंठ जाडसर भरडायची. फार बारीक केली तर वाफेला वाट मिळत नाही, फार जाड ठेवली तर तेल आतच बसतं. मग ती एका मोठ्या भांड्यात जाळीवर पसरायची आणि खालून बॉयलरची वाफ सोडायची. वाफ सुंठेतून वर येताना वास सोबत घेते, नळीतून गार पाण्याच्या हौदात जाते, तिथं तिचं पुन्हा पाणी होतं आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. ते तेल म्हणजे सोनं. साबणवाले, औषधवाले, सरबतवाले, सगळे त्याच्यासाठी दारात उभे.

लवंगेचं तेल मात्र उलट्या खोपडीचं, ते पाण्याखाली बसतं. एकदा एका नव्या गड्यानं रोजच्यासारखं वरचं जपून ठेवलं आणि तळाचं 'पाणी' नळ उघडून गटारात सोडलं. दिवसभराची लवंग गेली. मालक असे नाचले की विचारू नका. गटाराचं पाणी तळ्याकडे जायचं. त्या आठवड्यात हेब्बाळच्या एकाही म्हशीचा दात दुखला नसेल.

तर वाफेनं वास काढून घेतला की भांड्यात चोथा उरतो. आमचे कामगार त्याला चरट म्हणायचे, कानडीत कॉफीचा गाळ उरतो त्यालाही तेच म्हणतात. आमच्या ह्या चरटात वास नसला तरी तिखटपणा सगळा शाबूत असायचा. आणि आमच्याकडे रीत होती, दर शनिवारी सुटीच्या भोंग्यानंतर सुंठेचं चरट कामगारांना वाटायचं. कारखाना सुरू झाल्यापासूनची रीत. बायका घरून डबे आणायच्या, आवारात रांग लागायची, आणि मेस्त्री, म्हणजे मुकादम, मल्लप्पा फावडं घेऊन प्रत्येकीच्या डब्यात सारखं माप टाकायचा. फार कडक माणूस. "सालु, सालु!" म्हणजे रांग, रांग, असं ओरडत राहायचा. एकीनं जरा पुढं डबा सरकवला की तिला शेवटी पाठवायचा. ते चरट उन्हात वाळवून बायका सारात घालायच्या, कषायात म्हणजे काढ्यात घालायच्या, गुरांना द्यायच्या. आणि घरात बाळंतीण असली की फडक्यात बांधून तिच्या न्हाणीच्या पाण्यात सोडायच्या. अंग शेकून निघतं म्हणायच्या. आमच्या सुंठनिवड्या बायकांच्या घरांत बाळंतिणीची न्हाणी म्हटली की शनिवारचं चरट आलंच.

मुनियम्मा ही त्या सुंठनिवड्यांतली थोरली. उंच, काळीसावळी, नाकात दोन्हीकडे खडे, बोलण्यात आडवी. सुंठ हातात घेतली की ओली, किडकी, चुन्यात घोळलेली बोटांनीच वेगळी करायची. मला म्हणायची, "तुमचं नाक, माझी बोटं. धण्यांचं काय आहे सांगा?" मी म्हणायचे, "पोट." मग आम्ही दोघी हसायचो. ती कानडीत बोलायची, मी इथं मराठीत लिहितेय, पण त्यातली धार मराठीत येत नाही.

ही सगळी घडी मोडली ती एका सोडावाल्यामुळे. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. सत्तारसाहेब शिवाजीनगरच्या बाजारामागे आल्याचा सोडा करायचे आणि आमचं तेल न्यायचे. एक दिवस बाटली घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. "अक्का, खुशबू तो हाय, पन गले कू पकडताच नई. आदरक का सोडा बोले तो आँख में पानी आना!" मी त्यांना समजावलं की वाफेनं वास येतो, झणका येत नाही. ते म्हणाले, "तो झणका भी निकालो ना, कौन रोका?" बरोबर बोलले. परदेशातले बिस्किटवाले, सरबतवाले मालकांना पत्रातून तेच विचारत होते. वासही हवा, तिखटही हवा, दोन्ही एका बाटलीत.

त्याला दुसरी पद्धत लागते. मसाला बारीक करून उंच नळकांड्यात ठासायचा आणि वरून ॲसिटोनसारखा द्रव सोडायचा. तो थेंबथेंब झिरपत खाली येतो आणि येताना वास, तिखट, रंग, सगळं विरघळवून आणतो. मग तो द्रव कमी दाबाखाली उडवून परत गोळा करायचा. मागं उरतो मधासारखा दाट, काळपट अर्क. थेंबभर टाकला की भांडंभर सोडा डोळ्यांत पाणी आणतो. पद्धत उत्तम आहे. आजही जगभर चालते आणि नीट केली तर काही धोका नाही. पण नळकांड्यात जो चोथा उरतो, तो ॲसिटोननं ओला असतो. त्याच्यातून पुष्कळ वेळ वाफ सोडून तो ॲसिटोन काढून घ्यावाच लागतो. नाही काढला तर तो चोथा म्हणजे रॉकेलात बुडवलेला बोळा समजा. रॉकेलाहून वाईटच, कारण ॲसिटोनची वाफ ज्योतीकडे स्वतःहून चालत जाते.

साठ सालानंतर आमच्याकडे हे यंत्र आलं. नळकांडं एकच, आणि पहिल्याच महिन्यात परदेशी मागणी दोघातिघांची. मालकांना घाई. आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ वरदराजन, मद्रासकडचे, हुशार, सभ्य, आणि आवाज असा की स्वतःलाही ऐकू येऊ नये. त्यांनी माझ्यादेखत मालकांना सांगितलं, "सर, आपण नळकांडं फार लवकर रिकामं करतोय. चोथ्यात ॲसिटोन राहतोय."

"किती राहतोय?"

"पेटेल इतका, सर."

"मग पेटवू नका," मालक म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मी म्हटलं, "सर, शनिवारी बायका चरट नेतात. हे त्यांना देऊन चालणार नाही. खड्डा खणून उघड्यावर टाकायला हवं."

"खड्डा खणायचा, गाडी लावायची, माणसं लावायची. त्यापेक्षा त्या नेतायत तर नेऊ देत. आवार साफ होतं."

"मग निदान कानडीत पाटी लावू या."

"पाटी लावली की उद्या गिऱ्हाईक विचारणार, तुमच्या मालात असं असतं तरी काय? पाटी नाही. आणि तुम्हीही तोंडी काही सांगत सुटू नका. उगीच घबराट."

वरदराजननी मान खाली घातली. माणसाला ज्ञान असतं आणि तोंड नसतं, तेव्हा त्या ज्ञानाचा काय उपयोग, हे मी त्या दिवशी पाहिलं. मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. दुपारी नळावर ज्या ज्या बायका भेटल्या त्यांना सांगितलं, नव्या नळकांड्याचं चरट घरी नेऊ नका, ते आपलं नव्हे, पेट घेतं. नंजम्मा म्हणून मुनियम्माची जोडीदारीण होती, तिनं ते बाकीच्यांना सांगितलं. त्या शनिवारी नवं कुठलं नि जुनं कुठलं ते कळेना म्हणून बायका रिकामेच डबे घेऊन घरी गेल्या. मला मात्र मालकांनी कुणाकडून तरी कळल्यावर सकाळपासून ऑफिसात कसल्याशा नकला करायला बसवून ठेवलं. नव्या चरटाचा ढीग आवारात तसाच पडला. "संपवून टाक," मालकांनी मल्लप्पाला सांगितलं.

मुनियम्मा त्या आठवड्यात रजेवर होती. तिची लेक लक्ष्मी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. लेकीला मुलगी झाली, आणि न्हाणीसाठी चरट हवं म्हणून मुनियम्मा शनिवारी फक्त तेवढ्यासाठी आली. नळावरचं माझं बोलणं तिच्या कानावर गेलेलंच नव्हतं. बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या. रांग नव्हती. मल्लप्पाला ढीग संपवायचा होता. त्यानं तिचा वनस्पती तुपाचा पिवळा डबा गच्च भरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मापापेक्षा जास्त दिलं. मुनियम्मानं झाकण घट्ट लावलं, डोक्यावर घेतला आणि ती घरी गेली.

तिच्या न्हाणीघरात चुलाणावर तांब्याचा हंडा. खाली लाकडं रात्रंदिवस धुमसत, बाळंतिणीचं घर ना. डबा तिनं चुलाणाशेजारी ठेवला, म्हणजे चरट गारठायला नको. सकाळी फडकं घेऊन ती वाकली आणि तिनं झाकण उघडलं.

लक्ष्मी बाळाला घेऊन उंबऱ्याबाहेर होती, म्हणून त्या दोघी वाचल्या. मुनियम्माचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, आणि हनुवटीपासून कानापर्यंतची एक बाजू. शेजाऱ्यांनी घोंगडी टाकली, बैलगाडीत घातलं, मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं.

मला सोमवारी कळलं. मी गेले तेव्हा तिचे हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले आणि खाटेशी एक पोलीस स्टूल टाकून बसलेला. मुनियम्मानं मला विचारलं, "अक्का, हा का बसलाय? मी कुठं पळून जाणार आहे?"

मी पोलिसाला विचारलं. तो म्हणाला, कारखान्याची तक्रार आहे, बाई रजेवर असताना आवारात शिरली आणि तिनं माल चोरला.

माल! ज्याला खड्ड्यात टाकायला गाडी लावायची नव्हती, तो चोथा एका रात्रीत माल झाला. मी इस्पितळाच्या जिन्यावर उभी राहून कॉटनपेटी मराठीत मालकांचा जो उद्धार केला, तो इथं छापता येणार नाही. मालकांची अक्कल बघा. दिलं म्हटलं तर निष्काळजीपणा त्यांचा. चोरलं म्हटलं तर गुन्हा तिचा, आणि कारखाना धुतल्या तांदळासारखा.

मग कारखान्यांचे सरकारी इन्स्पेक्टर आले. चौकशी कुठं? मालकांच्या खोलीत. मालक कुठं? खुर्चीत. एकेका कामगाराला आत बोलवायचं आणि विचारायचं, इथं चरट वाटायची रीत आहे का? जो तो म्हणाला, ठाऊक नाही. मल्लप्पा, ज्यानं तो पिवळा डबा स्वतःच्या हातानं भरला, तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी कुणाला कधी काही दिलेलं नाही." मी म्हटलं, "रीत आहे. दर शनिवारी वाटतात." मालक गोड हसले. "ह्या शनिवारी लवकर घरी जातात, साहेब. आवारात काय होतं ते ह्यांनी पाहिलेलं नाही. जरा भावनाप्रधान आहेत." इन्स्पेक्टरनी माझ्याकडे बघून मान हलवली, तापट मुलीकडे बघतात तशी.

त्या संध्याकाळी मी घरी गेलेच नाही, सरळ गंगेनहळ्ळीला नंजम्माच्या दारात गेले. ती पडवीत जात्यावर नाचणी दळत होती. मी तिला वाट्टेल ते बोलले. लाज नाही वाटत? इतकी वर्षं एका पाटीवर सुंठ निवडलीत, आणि ती चोर ठरतेय तर तोंडाला कुलूप?

नंजम्मानं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "अक्का, तुमचं काम गेलं तर तुमचे अप्पा आहेत. माझं गेलं तर हे जातंच आहे फक्त. आम्हाला बोलायला सांगू नका. बोलणारीचं नाव लागतं."

"मग काय करायचं?"

तिनं मूठभर नाचणी जात्यात टाकली. "शनिवारी डबा घेऊन उभं राहायला काय लागतं? ते तर आम्ही नेहमीच राहतो. जुन्या भांड्याचं चरट तर निघतंच आहे. त्याला कोण ना म्हणणार?"

माझा राग जागच्या जागी थांबला. वरदराजनकडून एक गोष्ट मला आधीच कळली होती. ते माझ्या टेबलापाशी येऊन, पट्टी हुंगायचं निमित्त करून कुजबुजले होते की इन्स्पेक्टर यंत्र बघायला पुन्हा येणार आहेत, शनिवारी दुपारी. त्या भल्या माणसाच्या हातून झालेलं तेवढंच एक धाडस. मी ते नंजम्माला सांगितलं. ती म्हणाली, "सरी," म्हणजे बरं, आणि पुन्हा दळायला लागली.

शनिवारी मी लवकर घरी गेले नाही. मालक आणि इन्स्पेक्टर नळकांड्यापाशी उभे होते, मालक झडपा दाखवत होते. भोंगा झाला. आणि बायका आल्या. एकामागून एक, हातात डबे, पितळी, पत्र्याचे, एकीकडे तर बादली. कुणी काही बोलत नव्हतं. नेहमीच्या जागी, कडुनिंबाखाली, नेहमीसारखी रांग लागली. मल्लप्पा बॉयलरच्या खोलीतून घाम पुसत बाहेर आला. त्यानं रांग पाहिली. मधेच दोघीतिघी एकमेकींना ढोसत पुढं सरकल्या, मुद्दाम की काय देव जाणे. आणि मल्लप्पाला राहवलं नाही. इतक्या वर्षांची सवय. त्यानं भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि ओरडला, "सालु, सालु! सालागि निल्री! प्रति वारदंते माडबेडि!"

रांगेत नीट उभ्या राहा, दर शनिवारसारखं करू नका. मल्लप्पानं मालकांकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं, आणि फावडं हातातून खाली ठेवलं. फार हळू ठेवलं.

इन्स्पेक्टरनी नंजम्माला विचारलं, "डबा कशासाठी?"

"चरटाला, स्वामी," ती म्हणाली. "शनिवार नाही का आज?"

एवढंच. कुणाचं नाव लागलं नाही, कुणी साक्ष दिली नाही. इन्स्पेक्टर रांगेच्या टोकापर्यंत एकेक डबा बघत गेले. मग मालकांना म्हणाले, "आपण आत बसू या."

मला वाटलं, जिंकलो. तेव्हा माझं वय लहान होतं आणि मालकांना मी पुरती ओळखत नव्हते.

आत काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. पोलिसातली तक्रार मागं घेतली गेली. चोथ्यातून ॲसिटोन पूर्ण काढल्याशिवाय नळकांडं उघडायचं नाही, असा हुकूम निघाला. आणि दोन दिवसांनी मालकांनी सगळ्यांना आवारात गोळा केलं. कोऱ्या धोतरात, कपाळाला गंध. म्हणाले, "मुनियम्मा आपल्या घरातलीच. तिच्या हातून चूक झाली. मोह कुणाला सुटला आहे? मी तिला माफ केलं आहे. तक्रार मागं घेतली आहे. मात्र ह्यापुढं असे मोह होऊ नयेत म्हणून चरट वाटणं बंद."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. धणी मोठ्या मनाचे, असं म्हणत परत कामाला गेले. मी ओरडले, "माफ कशाबद्दल? तुम्हीच दिलंत ना ते?" पण टाळ्यांत माझा आवाज कुणाला ऐकू जातोय. दुसऱ्या दिवसापासून मला प्रयोगशाळेतून काढून बाटल्यांवर कागद चिकटवायला बसवलं. कारण सांगितलं, माझं नाक हल्ली बरोबर चालत नाही. त्यानंतर मी दुसरीकडे नोकरी शोधली आणि नाकाच्या जोरावरच निवृत्तीपर्यंत केली, हे ज्याच्या त्याच्या माहितीसाठी.

चरट बंद झालं त्याचा राग मात्र काही बायकांनी माझ्यावर काढला. "अक्कांनी गडबड केली आणि आमची सुंठ गेली," असं त्या नळावर म्हणायच्या. मल्लप्पा मला बघितलं की वाट बदलायचा. मला त्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही, पण त्या फावड्यामुळे त्याला मी पुष्कळ माफ केलं. माफ करायचा अधिकार निदान माझा तरी होता.

मुनियम्माचे हात बरे झाले, म्हणजे जखमा भरल्या. बोटं आत वळून आखडली, ती सरळ झाली नाहीत. सुंठ निवडायची गोष्टच संपली.

बऱ्याच वर्षांनी तिच्या नातीच्या लग्नाचं बोलावणं आलं. त्या उंबऱ्याबाहेर वाचलेल्या बाळाचं लग्न. मी खण-नारळ घेऊन गंगेनहळ्ळीला गेले. मांडव, वाजंत्री, केळीच्या पानांवर रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उंडे, आणि सारू म्हणजे सार. मुनियम्मा म्हातारी झाली होती, पण नाकातले खडे तसेच. मला बघून ती उठली, त्या आखडलेल्या हातांनी माझा दंड धरला आणि व्याह्यांपाशी घेऊन गेली. मोठ्या अभिमानानं ओळख करून दिली.

"ह्या आमच्या कारखान्यातल्या अक्का. शिकलेल्या. मी चोरी केली होती ना तेव्हा, धण्यांनी मला जेलात घातलं असतं. ह्या अक्कांनी रदबदली केली, म्हणून धण्यांनी क्षमा केली. दोड्ड मनुष्य, मोठा माणूस. देव त्यांचं भलं करो."

व्याह्यांनी मला हात जोडले.

मांडवात, वाजंत्रीच्या कलकलाटात मी तिला ओरडून सांगितलं, "मुनियम्मा, तू चोरी केली नव्हतीस! तुला मल्लप्पानं दिलं होतं. धण्यांनी सांगितलं होतं त्याला."

ती हसली. लहान मुलाची समजूत काढावी तशी माझ्या पाठीवर ती वाकडी बोटं फिरवली. "असू द्या अक्का. किती वर्षं झाली. जेवून जा."

मी जेवले. त्या सारात सुंठ होती.

मालक गेले, त्यांच्या फोटोला हार चढला, आणि आता तो फोटो तुमच्या अंकाच्या मागच्या पानावर येतो. येऊ दे. मुनियम्माही गेली. ती स्वतःला चोर समजूनच गेली, हे मला सहन होत नाही. म्हणून संपादक, ह्या लेखात बाकी काय हवं ते कापा, शेवटचं तेवढं ठेवा. मुनियम्मानं काही चोरलं नव्हतं. ते चरट तिला दिलं होतं, तिच्याच डब्यात, कारखान्याच्या फावड्यानं, मालकांच्या सांगण्यावरून.